पंचवीस रुपये आणि केळुसकर गुरुजी

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टी वाढतात. चौकातले अभिनंदनाचे फ्लेक्स आणि महा-ई-सेवा केंद्राबाहेरची रांग. फ्लेक्सवरच्या गुणवंतांची बातमी आम्ही पत्रकार छापतो. रांगेची छापत नाही. रांगेत बातमी नसते असं आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्या सरांना उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ बहुतेक आली नसावी.

गेली दोन-तीन वर्षं मी या रांगेतल्या पोरापोरींशी बोलत आलोय. त्यातला एक मुलगा डोक्यातून जात नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या एका वाडीवरचा. बारावी सायन्सला चांगले मार्क, बी.एस्सी.ला प्रवेश. पहिल्या वर्षाला दोन विषय राहिले. निकालावर आधी 'फेल' आणि त्याच्यापुढं 'ए.टी.के.टी.' असं छापून आलं. घरात त्याचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. वडलांना 'फेल' एवढं कळलं, कारण ते सगळ्यांनाच कळतं. पोरगं आठवड्याभरात चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागलं. सहा-सात महिन्यांनी वर्गातला एक मित्र भेटला तेव्हा त्याला समजलं, की ए.टी.के.टी. म्हणजे राहिलेले विषय पुन्हा द्यायचे आणि पुढच्या वर्गात बसायचं. मित्राचेही दोन विषय राहिले होते. मित्र दुसऱ्या वर्षाला होता.

दोघांत फरक एवढाच, की मित्राची आत्या शिक्षिका आहे.

इथं हुशारी कमी पडलेली नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला पैसाही कमी पडला नव्हता. "अरे, याचा अर्थ असा होतो" हे सांगणारा एक माणूस कमी पडला. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज केलंय त्यांना हा माणूस फुकट मिळतो. ज्या घरातलं पोरगं पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढतं, त्याच्यासाठी तो बाहेरून आणावा लागतो. महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षं हा माणूस कुणी कुणी आणि कसा आणला, आणि मग ते काम कुठं ढिलं पडलं, ते आज लिहितोय. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या नावापासून करतो.

१९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं म्हणजे सत्कार करण्याजोगी घटना, आणि तसा सत्कार झालाही. सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र या मुलाला भेट दिलं. केळुसकर शिक्षक होते आणि चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा पोरगा त्यांच्या नजरेत आधीच भरला होता. पुढं कॉलेजचा खर्च रामजी सुभेदारांना झेपेना. तेव्हा केळुसकरांनी खटपट करून भीमरावांची बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक मुल्लर पुस्तकं द्यायचे, कपड्यांची नड भागवायचे. १९१३ साली याच मुलाला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात जाता आलं.

आता बघा. पंचवीस रुपये सयाजीरावांच्या खजिन्यात आधीही होतेच. शिकवायची त्यांची इच्छाही होती. पण परळच्या चाळीत राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदाराला बडोद्याच्या महाराजांचा दरवाजा कसा ठोठवायचा हे कुठून ठाऊक असणार? पैसा एका टोकाला, पोरगं दुसऱ्या टोकाला, मध्ये केळुसकर. आपण भाषणांत सयाजीरावांचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. मात्र केळुसकर गुरुजींचं नाव घेताना वक्ता सहसा घाईत असतो.

पण केळुसकर भेटणं हा योगाचा भाग. ते कुणाला भेटतील, कुणाला नाही. प्रश्न असा आहे, की योगावर न सोडता याची व्यवस्था लावता येते का?

एका वर्गासाठी अशी व्यवस्था आधीपासून होती, हे आपण विसरतो. पुण्यात किंवा कुठल्याही शिक्षणाच्या गावी आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एकाकडं, मंगळवारी दुसऱ्याकडं, असे सात दिवस सात घरं. नाहीतर माधुकरी मागायचा. हाल होतेच, अपमानही होते, ते मला लहान करायचे नाहीत. पण वार लावलेल्या घरात जेवणाबरोबर आणखी काहीतरी मिळायचं. त्या घरातला कुणीतरी कचेरीत असायचा, कुणी शाळेत शिकवत असायचा. कुठली परीक्षा कधी आहे, अर्ज कुणाकडं द्यायचा, कुणाला भेटायचं, हे पंगतीत बसल्या बसल्या कानावर पडायचं. शिवाय सरकारी पैसा होता. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजी अमदानीत कॉलेजात दक्षिणा फेलोशिप द्यायला लागले. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ ची. त्या तुकडीतले न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघंही दक्षिणा फेलो होते. अगदी पहिले पदवीधरसुद्धा निव्वळ बुद्धीच्या जोरावर झाले नाहीत, त्यांच्या मागं मदत उभी होती. आज "मेरिट, मेरिट" करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. असो.

कुणब्याच्या, धनगराच्या, महारामांगाच्या पोरानं शहरात येऊन वार कुणाकडं लावायचा? त्याला कोण ओसरीवर घेणार होतं? १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिराव फुल्यांनी हेच दुखणं मांडलं होतं: सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामावर, आणि वरच्या शिक्षणाचा लाभ जातो भलतीकडंच.

हे दुखणं ओळखून त्यावर पहिला मोठा इलाज केला तो कोल्हापुरात शाहू महाराजांनी. त्यांनी वसतिगृहं काढली. पहिला प्रयोग १८९६ चा, सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र. तो महाराजांच्या मनासारखा चालला नाही. कारभार ज्यांच्या हातात होता त्यांच्याच जातीची मुलं तिथं टिकली, बाकीची गळाली. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत अशी एकेक निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही उभं राहिलात तर आजूबाजूला यातल्या कितीतरी पाट्या दिसतील.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जातीजातीची बोर्डिंगं काढून जात पक्कीच केली की. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण १८९६ चा अनुभव पाठीशी असलेल्या माणसानं काढलेला तो व्यवहारी मार्ग होता. आपल्या गावचं, आपल्या बोलीचं कुणीतरी शेजारच्या खाटेवर आहे, एवढ्यानंही नवं पोरगं टिकतं. आणि तारखांचा क्रम पाहा. नोकरीत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा महाराजांचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा. पहिलं जातवार बोर्डिंग त्याच्या आदल्या वर्षीचं. हा क्रम मला योगायोग वाटत नाही. राखीव जागेवर बसायला माणूस शिकून तयार व्हावा लागतो आणि तो तयार व्हायला आधी त्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

याच कोल्हापुरात कुंभोजचा एक जैन शेतकरी घरातला पोरगा शिकायला होता. भाऊराव पायगौंडा पाटील. जैन बोर्डिंगात राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला, परत आल्यावर विटाळ फिटावा म्हणून आंघोळ करायला सांगितलं तर ऐकेना, आणि म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. शिक्षणात काही त्यांची गाडी पुढं गेली नाही. मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. पुढं ओगल्यांच्या काचेच्या वस्तू विकल्या, किर्लोस्करांचे नांगर खपवले. आणि १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

सातारा जिल्ह्यात राहून भाऊरावांवर लिहायचं म्हणजे अवघड काम. जयंतीला सगळं ऐकून झालेलं असतं. दाढी, घोंगडी, वटवृक्ष, 'स्वावलंबी शिक्षण'. त्यामुळं ते सगळं वगळतो आणि एकाच गोष्टीवर थांबतो. ती म्हणजे पंगत.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि इथं त्यांनी एकच बोर्डिंग चालवलं, सगळ्या जातींचं. कोल्हापुरात जे १८९६ साली जमलं नव्हतं ते त्यांनी साताऱ्यात जमवलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. मराठ्याचं, महाराचं, मुसलमानाचं, जैनाचं पोर एकाच चुलीवरचं जेवायचं, आणि स्वयंपाकालाही पोरंच हात लावायची. धान्य यायचं ते गावोगावच्या बायांनी रोज दळताना बाजूला ठेवलेल्या मुठीतून. कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९३० साली त्या गेल्या. कर्मवीर ही पदवी भाऊरावांना मिळाली, लक्ष्मीबाईंना वहिनी एवढंच म्हणत राहिले. माझ्या मते हिशेब थोडा चुकलाय.

पंगतीचं महत्त्व कशात? त्यात एक ताट रिकामं राहिलं तर दिसतं. काल होता, आज का नाही? आजारी आहे का? घरी पळाला का? पेपर अवघड गेला म्हणून तोंड लपवून बसलाय का? कुणीतरी विचारणारच. ज्या घरातून हा पोरगा आलेला असायचा तिथं हे प्रश्न विचारायला माया भरपूर होती, पण माहिती नव्हती. बोर्डिंगात दोन्ही एका छपराखाली आलं. मागच्या बाकावरून पुढं गेलेला थोरला मुलगा धाकट्याला इंग्रजी सांगायचा. पी. जी. पाटील हे असंच बोर्डिंगात वाढलेलं पोर. ते पुढं बॅरिस्टर झाले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावानं दुसरं. सातारच्या कॉलेजातली 'कमवा आणि शिका' योजना सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. पोरं शेतात राबायची, दगड फोडायची, बांधकामावर जायची आणि शिकायची. एन. डी. पाटील सर तिथं या योजनेचे रेक्टर होते. हे सांगताना आपल्या लोकांचा गळा भरून येतो. माझाही येतो. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काम करून शिकणं ही चैन नव्हती, नाइलाज होता. दुसरा मार्ग असता तर तेच तास पुस्तकात गेले असते. त्या योजनेचं बळ घामात नव्हतं, घाम तर ती पोरं गावाकडंही गाळतच होती. काम संपवून पोरगं जिथं परत यायचं तिथं दिवा लावलेला असायचा, रेक्टर असायचा, बरोबरीची पन्नास पोरं अभ्यासाला बसलेली असायची. बळ तिथं होतं. आज बऱ्याच ठिकाणी ही योजना म्हणजे बागेला पाणी घालणं आणि ग्रंथालयात पुस्तकं लावणं एवढीच उरली आहे. मानधन कधी येईल ते विचारायचं नाही. ते काम झाल्यावर मुलगी कुठं जाते, जेवते का, अभ्यास कुठं करते, हे योजनेच्या रजिस्टरात कुठल्याच रकान्यात नाही.

इकडं हे चाललं असताना बाबासाहेब ज्या पंचवीस रुपयांवर शिकले ते विसरले नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी सरकारशी भांडून पैसा मागितला, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज गावाकडं जिला नुसतं 'भारत सरकार' म्हणतात तीच ही. एका महाराजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट त्यांनी हक्काच्या रांगेत आणून बसवली. पण नुसत्या शिष्यवृत्तीवर ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथं वर्ग सकाळी भरायचे, कारण पोरांना नोकऱ्या करायच्या होत्या. कॉलेजनं आपलं घड्याळ पोराच्या घड्याळाला लावलं. ही साधी गोष्ट आजही आमच्या भागातल्या किती कॉलेजांनी केलीय? एस.टी. साडेदहाला पोचते आणि पहिला तास साडेसातचा. मग हजेरी कमी, म्हणून अंतर्गत गुण कमी, म्हणून विषय राहतो, म्हणून घरचे म्हणतात, "हिला झेपत नाही."

१९५० साली औरंगाबादला त्यांनी जे कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. निजामी राजवटीतून नुकतंच बाहेर आलेलं मराठवाडा, उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच, पदवीसाठी हैदराबाद गाठायचं. विद्यापीठ तिथं यायला १९५८ उजाडलं. तर या भागात त्यांनी कॉलेज काढलं आणि त्याच्याबरोबर वसतिगृह. नागसेनवनात गावकुसाबाहेरून आलेली पोरं एकत्र राहिली, वाचायला लागली, लिहायला लागली. त्यातली किती नावं पुढं मराठी साहित्यात आली ते वेगळं सांगायला नको. विदर्भात १९३२ पासून पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था शेतकऱ्यांच्या पोरांसाठी हेच करत होती. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली, तीही खेड्यातून आलेल्या पोरांच्या राहण्या-जेवणासाठीच. माणसं वेगळी, विचार वेगळे, काही तर एकमेकांशी न पटणारे. पण पहिल्या पिढीचं पोरगं कॉलेजात टिकवायचं म्हटल्यावर सगळ्यांचा हात आधी चुलीकडंच गेला.

मग १९५९ ची ईबीसी सवलत आली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री. घरचं वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी माफ, जात कुठलीही असो. यशवंतराव स्वतः देवराष्ट्रेचे, लहानपणीच वडील गेलेले, विठाईंनी कष्टानं शिकवलेले. फी म्हणजे काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या सवलतीनं पश्चिम महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी पदवीधर केली. तुमच्या घरातले साठी-सत्तरीचे शिक्षक, तलाठी, बँकेतले साहेब यांना विचारून बघा.

इथून पुढं मात्र गाडी हळूहळू एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गेली, आणि ते आपल्या ध्यानात आलं नाही. पैसा वाढत गेला, योजना वाढत गेल्या. चांगलंच झालं. त्यांची नावं वाचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मी या योजनांच्या विरोधात नाही, उलट बातमी करताना मला त्यांचा आकार पाहून समाधान वाटतं. पण नावं ज्यांची आहेत त्यांनी आयुष्यभर जे केलं ते या योजनांत कुठं आहे? त्यांनी पैसा आणि माणूस बरोबर दिला होता. आपण पैसा ठेवला आणि माणसाच्या जागी पोर्टल बसवलं.

पोर्टलला रिकामं ताट दिसत नाही. अर्ज 'सेंट बॅक' होतो, तसं तिथं लिहूनही येतं, पण ते बघायला पुन्हा लॉगिन करावं लागतं, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. ती समजते, अर्ज भरला, काम झालं. आधार दुसऱ्याच बँक खात्याला जोडलेलं असतं, पैसे तिकडं जातात, किंवा जातच नाहीत. प्रवेशाच्या फेरीत मिळालेली जागा फ्रीझ करायची की बेटरमेंटला थांबायचं, हे ठरवायला दोन दिवस असतात, आणि ते दोन दिवस ती सेवा केंद्रात बसलेल्या बारावी झालेल्या पोराला विचारते. तो बिचारा सांगतो त्याला वाटेल ते. नॉन-क्रिमिलेअर वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा, जात पडताळणी आणखी वेगळी, हे तिच्या घरी कुणी ऐकलेलं नसतं. आता तर मेजर, मायनर, क्रेडिट, एबीसी आयडी असं सगळं नवीनच आलंय. प्राध्यापकही एकमेकांना विचारतात. मग वाडीवरच्या आईनं काय करावं?

आणि या सगळ्या इतिहासात मुली फार कमी आहेत, हेही बोललं पाहिजे. बोर्डिंगं मुख्यतः पोरांची होती. रांगेत मात्र आज मला पोरी जास्त दिसतात. त्यांच्यासाठी केळुसकर, रेक्टर, पंगत यातलं काहीच कधी नीट बांधलं गेलं नाही, आणि आता बांधायची वेळ आली तेव्हा आपण म्हणतो सगळं ऑनलाइन आहे. मुलीचा दुसऱ्या वर्षाचा निकाल लांबला, शिष्यवृत्ती लांबली, शेवटची एस.टी. बंद झाली, यातली कुठलीही एक गोष्ट घरात "बास झालं आता" म्हणायला पुरते. मग स्थळं बघायला सुरुवात. तिचं कॉलेज सुटलं याची नोंद कुठंच होत नाही, कारण ती नापासही झालेली नसते.

आमच्या गावातही एक जुनं बोर्डिंग आहे. नाव लिहीत नाही. पूर्वी तिथं सत्तर-ऐंशी पोरं असायची. आज दोन खोल्यांत मोडकी बाकं आणि एका हॉलमध्ये मंगल कार्यालयाच्या खुर्च्या आहेत. मी संबंधितांना विचारलं तर म्हणाले, "आता पोरंच येत नाहीत, सगळ्यांकडं गाड्या झाल्यात." त्याच आठवड्यात एक मुलगी मला सांगत होती, की ती रोज जाऊन-येऊन साडेचार तास प्रवास करते.

या पोस्टवर कमेंट करणाऱ्यांत अशा बोर्डिंगात जेवलेले पुष्कळ जण आहेत, मला माहीत आहे. कुणी निवृत्त मुख्याध्यापक आहे, कुणी पाटबंधारे खात्यात होता. जयंतीला फोटोला हार घालायला तुम्ही येताच. इमारत उघडायला आपल्या हातात नसेल तर नसेल, त्याचा पाठपुरावा मी बातमीतून करीन. पण केळुसकर व्हायला इमारत लागत नाही.

तर आम्ही काही जणांनी ठरवलंय. प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक वाचनालयाच्या खालच्या खोलीत बसायचं. दोन निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या गावातल्याच दोन मुली आणि मी. अर्ज आम्ही भरून देणार नाही, शेजारी बसून भरायला लावू, म्हणजे पुढच्या वर्षी तिचा तिला येईल. येताना बारावीचं मार्कलिस्ट, आधार, पासबुक, असतील ते दाखले आणि आधी भरलेल्या अर्जाची प्रिंट आणा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनीही यावं, विषय राहिलेल्यांनी तर नक्कीच. आई-वडलांना घेऊन या. कोण किती शिकलंय हे तिथं कुणी विचारणार नाही. पैसे घेतले जाणार नाहीत.

एक अडचण आहे. कॉलेजच्या बाजूनं अर्ज कुठं अडकतो हे आमच्यापैकी कुणालाच आतून माहीत नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात काम करून निवृत्त झालेलं कुणी आपल्या तालुक्यात असेल, तर मला फोन करायला सांगा. ती खुर्ची अजून रिकामी आहे.